भुतेकर साहेबांचं झाकलेलं ताट

भुतेकर साहेबांनी माझा एक अर्ज अकरा महिने दाबून ठेवला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्यांच्याविषयी जे काही वाकडं लिहीन त्याचं मूळ तुम्हाला कळेल. जालन्यात बियाणांच्या एका जुन्या गोदामात मला रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढायचा होता आणि त्यासाठी ना हरकत दाखला लागत होता. साहेब ज्या कचेरीत होते तिचं नाव कशाला घ्या, सगळ्या कचेऱ्या सारख्याच. मी दर सोमवारी जायचो. ते चष्म्यावरून बघायचे, फाइल उघडायचे, एक पान उलटायचे, फाइल बंद करायचे आणि म्हणायचे, "अर्ज विचाराधीन आहे. वारंवार विचारणा करू नये." कोण विचार करतंय आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या लावलेल्या गोदामाविषयी एवढं विचार करण्यासारखं काय असतं, हे मला कधी समजलं नाही. लाच मात्र ते घेत नसत. घेत असते तर काम जल्दी तरी झालं असतं.

ते निवृत्त झाले तेव्हा कचेरीबाहेरच्या चहावाल्यानं म्हणे पेढे वाटले. मी वाटले नाहीत, पण खाल्ले.

असा माणूस पुढं माझ्याच स्टुडिओत, माझ्याच खुर्चीवर बसून जपानशी पत्रव्यवहार करील, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण मलाच अवदसा आठवली. मुंबईच्या एका कंपनीला एक जपानी कार्टून मालिका मराठीत करून हवी होती. मुंबईत स्टुडिओ महाग, म्हणून काम फिरत फिरत जालन्याला आलं. कंपनीच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "संवाद लिहायला एखादे ज्येष्ठ गृहस्थ बघा. शुद्ध लिहिणारे, वेळ पाळणारे." शुद्ध लिहिणारं आणि वेळ पाळणारं जालन्यात मला एकच माणूस माहीत होतं. शिवाय कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धेत साहेबांनी तीन नाटकं बसवलेली. त्यातल्या एकात राजानं शेवटच्या अंकात 'सबब' हा शब्द चारदा वापरला होता.

साहेब पहिल्या दिवशी आले ते एक आवक रजिस्टर, एक जावक रजिस्टर, शिक्का आणि शाईचं पॅड घेऊनच. सोबत त्यांच्या बायको, आमच्या काकू, होत्या. मालिकेतल्या आजीच्या आवाजासाठी बाई हवी होती आणि साहेबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की बाहेरची बाई आणण्यापेक्षा घरचीच बरी. काकूंना त्यांनी विचारलं असेल असं मला वाटत नाही. काकू मूळच्या टेंभुर्णीच्या, साहेब आष्टीचे. चाळीस वर्षं संसार झालेला, आणि मुलगी झाल्यापासून साहेब त्यांना "वैशालीची आई" म्हणून हाक मारत. गेली आठ वर्षं ते नुसतं "ऐकलं का" म्हणत होते.

त्याचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. वैशाली ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं वाटूरच्या एका मोटार वाइंडिंग करणाऱ्या मुलाशी जातीबाहेर लग्न केलं. पोरगा सज्जन, निर्व्यसनी, हातात कसब असलेला. साहेबांनी दारात उभं राहून जाहीर केलं, "आमच्यासाठी ती मेली." असं रागात पुष्कळ लोक बोलतात आणि पहिलं नातवंड झालं की विसरतात. पण भुतेकर साहेब बोललेलं अमलात आणणारे. सर्वपित्रीला त्यांनी पितरांच्या पानांबरोबर एक पान वैशालीच्या नावानं मांडायला लावलं. जिवंत पोरीच्या नावानं, दर वर्षी. त्या निर्णयाला विचाराधीन राहावं लागलं नाही, तो एका दिवसात मंजूर झाला. वाटूर जालन्याहून एसटीनं तासा-सव्वातासाचं. जपानहून साहेबांना पाच मिनिटांत उत्तर यायचं, वाटूरहून आठ वर्षांत कुणी आलं नव्हतं.

मालिका साधी होती. समुद्रकाठचं एक गाव, तिथं मियो नावाची पोरगी आणि तिची आजी मिळून छोटी खानावळ चालवतात. बाप बोटीवर मासेमारीला दूरच्या समुद्रावर गेलेला, एवढंच कळतं; परत येणार की नाही ते कुणी सांगत नाही. दर भागात कुणी नवा पाहुणा जेवायला येतो, आपलं रडगाणं सांगतो, जेवून जातो. भाग संपताना आजी एक ताट वाढते, त्यावर झाकण घालते आणि बापाच्या रिकाम्या जागेपुढं ठेवते. बस्स. पहिला भाग बघून साहेब म्हणाले, "यात मारामारी न्हाई, पाठलाग न्हाई. एवढ्या लांबून मागवलं कशाला? जेवनावळी तर आपल्याकडं बी हायेत."

कामाची तऱ्हा मोठी अजब होती. मालिका सगळ्या देशांत एकाच दिवशी दाखवायची, म्हणून तिकडं चित्रं पुरी व्हायच्या आधीच आमच्याकडं यायची. कधी रंग नसे, कधी नुसत्या पेन्सिलच्या रेघा, कधी माणसाच्या जागी राखाडी ठिपका आणि त्यावर नंबर. तोंडं तर बहुतेकांना नसायचीच. ओठ कधी हलतात ते कागदावर सेकंदांत लिहून यायचं. साहेब वैतागायचे, "मानसाला तोंडच न्हाई, अन् म्हने बोला!" मी मनात म्हणायचो, तुमच्या टेबलापुढं आम्ही तसेच उभे असायचो.

संवादही सरळ येत नसत. जपानीचं इंग्रजी, इंग्रजीचं हिंदी, असं बारा गावचं पाणी पिऊन ते जालन्याला पोचायचं. आणि पुढच्या भागात काय आहे ते कुणी सांगायचं नाही. गुप्ततेच्या करारावर साहेबांनी सही केली होती आणि तो करार त्यांनी एवढा मनावर घेतला की आवाज देणाऱ्यांनासुद्धा ते प्रसंग सांगेनात. मोंढ्यात धान्याची हर्राशी, म्हणजे लिलाव, बोलणाऱ्या शेखभाईंना मी कोळ्याच्या आवाजासाठी आणलं होतं. त्यांनी विचारलं, "साहेब, ये आदमी खूश है का दुखी है?" साहेब म्हणाले, "ती माहिती गोपनीय आहे." शेखभाईंनी मग सगळा भाग ज्वारीचा भाव पुकारावा तसा म्हणून टाकला.

पण खरं सांगायचं तर जपान्यांचं आणि साहेबांचं फार जमलं. दर भागानंतर तिकडून दुरुस्त्यांची यादी यायची, कलमवार, क्रमांक घालून. साहेब प्रत्येक कलमाला अनुपालन अहवाल पाठवायचे. इतर देशांचे लोक म्हणे "झालं" एवढंच कळवत. मॅडम म्हणाल्या, तिकडचे लोक विचारतात, हे भुतेकर सान, म्हणजे भुतेकर साहेब, कोण आहेत? त्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या पदरचा चहा पाजला. त्यांच्याबरोबर काढलेल्या सगळ्या काळात ही एकच वेळ.

एकदा यादीत कलम आलं की तिसऱ्या भागात आजी खाली बसते तेव्हा तिचा सुस्कारा ऐकू येत नाही. साहेबांनी त्यावर अर्धा तास चर्चा घडवली. सुस्कारा दुःखाचा की गुडघेदुखीचा, लांब की आखूड. शेवटी काचेपलीकडून काकू माइकमध्ये म्हणाल्या, "सुस्कारा टाकायचं काय शिकवायलात? चाळीस वर्षं तुमच्याच घरात टाकून राह्यले." आणि त्यांनी एक सुस्कारा टाकला. जपानहून उत्तर आलं, सर्व भागांत असाच हवा.

आता त्या ताटाकडं येतो, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

पहिल्याच भागात हिंदी कागदावर एवढंच होतं की आजी मियोला सांगते, पिताजी की थाली लगा दे. साहेबांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि त्यांचा निकाल ठरला. रिकाम्या जागेपुढं झाकून ठेवलेलं ताट म्हणजे पितराचं पान. बाप मेलेला आहे. त्यांनी वाक्य लिहिलं, "मियो, वडलांचं पान वाढ. गेलेल्या माणसालाही घास लागतो." मलाही ते खटकलं नाही. आपल्याकडं न येणाऱ्याचं पान सर्वपित्रीलाच मांडतात हे मलाही माहीत होतं. खटकलं फक्त काकूंना. त्या कानावरचा हेडफोन सरकवून म्हणाल्या, "पन बाप मेला असं कुठं लिवलंय?"

"लिहावं कशाला लागतं?" साहेब म्हणाले. "जिवंत मानसाचं ताट कोन झाकून ठेवतं?"

काकूंनी हातातला कागद खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "मी ठेवते. रोज ठेवून राह्यले. वाटूरची गाडी चुकून कधी आली तर पोरगी उपाशी नको ऱ्हायला."

माइक चालू होता, त्यामुळं हे सगळं माझ्याकडं रेकॉर्ड झालं. मी साहेबांकडं बघितलं. त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ऐकलं का, पुढचं वाक्य घ्या." काकूंनी घेतलं. मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका राग आला की मशीन बंद करून घरी जावंसं वाटलं. गेलो नाही, काम हातचं सोडवत नव्हतं. म्हणजे मीही काही फार मोठा नाही.

एकदा बाप मेला म्हटल्यावर साहेबांनी त्याला नीट मारला. दर भागात त्यांनी पदरचं एखादं वाक्य घुसवलं. ओठांच्या सेकंदांत ते बराबर बसवायचे, त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यामुळं वरून बघणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसायचं. आणि मालिका चालली! बायका मोबाइलवर बघून डोळे पुसू लागल्या. आष्टीला साहेबांच्या गावच्या मंडळींनी बाजारतळावर सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. साहेब भाषणात म्हणाले, "बाप गेल्यावर लेकरानं कसं जगावं, हे ही कथा सांगते." पुढं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "पन बाप मेला कशानं, बापा?" साहेबांना माहीत असायचं कारणच नव्हतं, पण स्टेजवर उभा असलेला माणूस माहीत नाही म्हणत नाही. ते म्हणाले, "वादळात बुडून." आणि मग शब्दाला जागायला म्हणून सातव्या भागात त्यांनी आजीच्या तोंडी ते वादळही घातलं.

बारावा भाग शेवटचा. तो आला तेव्हा नेहमीसारख्या पेन्सिलच्या रेघाच होत्या. खानावळीचं सरकतं दार उघडतं. दारात एक माणूस उभा, खांद्यावर पोतडी, चेहऱ्याला तोंड नाही. खाली नंबर आणि हिंदीत एक शब्द : पिता.

साहेबांनी तो तुकडा पाच वेळा बघितला. "स्वप्न असंल," ते म्हणाले. मग म्हणाले, "भूत असंल." मग मॅडमना फोन लावून त्यांनी विचारलं, हा इसम काका असू शकतो का? मॅडमना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्या किंचाळल्या ते मला बाजूला बसून ऐकू आलं. "सर, बाप पहिल्यापासून जिवंतच आहे! प्रवासाला गेलेलं माणूस उपाशी राहू नये, सुखरूप परत यावं, म्हणून तिकडं घरी ताट मांडतात. ते येणाऱ्याचं ताट आहे, सर!" चार दिवसांत अकराही भागांतली वाक्यं बदलून द्या, ॲपवरचा आवाज बदलता येतो, नाहीतर पुढची मालिका जालन्याला मिळायची नाही आणि भुतेकरांचं नाव भागाच्या शेवटी नावं येतात त्या पाटीवरून निघेल, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

साहेब एवढेसे झाले. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

काकू कोपऱ्यात खुर्चीवर बसून सगळं ऐकत होत्या. साहेबांनी त्यांच्यापुढं नवीन कागद धरला. "ऐकलं का, जल्दी आत चला. सगळी वाक्यं पुन्हा घ्यायचीत."

काकूंनी कागद घेतला नाही. "तुमच्या जपानी बापाला जित्ता करायला तुमाला चार दिस भेटलेत," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीला आठ वर्षं झाली. आधी तिला जित्ती करा. मंग मी हितं बोलते."

"तो विषय वेगळा आहे."

"ताट एकच हाये," काकू म्हणाल्या, आणि पदर खोचून रिक्षा बघायला बाहेर गेल्या.

दोन दिवस साहेबांनी सगळे उपाय केले. एका शाळेतल्या बाईंना आणून आजीची वाक्यं म्हणवून घेतली, अगदी सुस्काऱ्यासकट. नमुना जपानला पाठवला. तासाभरात उत्तर आलं, एकच कलम : ही आजी नाही. घरी काकू स्वयंपाक करत होत्या, वाढत होत्या, पण तोंडातून अक्षर काढत नव्हत्या. साहेब मला म्हणाले, "दीपकराव, घर कसं त्या चित्रावानी झालंय. मानूस हाये, तोंड न्हाई." आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्याशी घरातलं काही बोलला. आणि मला, का कोण जाणे, त्यांची दया आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्टुडिओत आले, हातात लिहिलेला कागद. मला म्हणाले, "मसुदा तपासा." मी वाचला. तो आजही मला पाठ आहे.

"प्रति, सौ. वैशाली, मु. पो. वाटूर. विषय : घरी जेवावयास येणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, आपणांस मयत समजण्याबाबत या घराने घेतलेला निर्णय चुकीच्या माहितीवर आधारित असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सदर निर्णय रद्द करण्यात येत आहे. तरी आपण सपत्नीक," इथं त्यांनी खोडून "सपतीक" केलं होतं, "रविवारी जेवावयास यावे, ही विनंती." खाली सही, त्याखाली 'सेवानिवृत्त'. आणि अगदी तळाला, वेगळ्या घाईच्या अक्षरात : "तुझी आई रोज ताट झाकून ठेवते. मला माहीत होतं."

मी म्हणालो, मसुदा ठीक आहे.

जावक रजिस्टरला नोंद करून त्यांनी पत्र पोचपावतीसह रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पावती काकूंपुढं ठेवली. काकूंनी ती डोळ्यांजवळ धरून वाटूर हे नाव वाचलं, आणि त्याच दुपारी स्टुडिओत येऊन सहा तासांत अकरा भागांतला मेलेला बाप जिवंत केला. शेवटच्या प्रसंगात बाप दारात उभा राहतो तेव्हा साहेबांनी आजीला मोठं भाषण लिहिलं होतं. काकूंनी ते बाजूला सारलं आणि एवढंच म्हणाल्या, "आलास? हात धू. झाकून ठेवलंय." शेखभाई बाहेर उभे होते. ते खिशातून रुमाल काढून नाक शिंकरत राहिले.

वाटूरहून उत्तर यायला दोन आठवडे लागले. तेही रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. साहेबांनी ते मला दाखवलं. वैशालीचं अक्षर बापासारखंच, शिरोरेघा सरळ. लिहिलं होतं, "आपला अर्ज प्राप्त झाला. अर्ज विचाराधीन आहे. वारंवार विचारणा करू नये."

मी हसू दाबायला खोकलो. साहेबांनी कागदाची घडी घातली आणि आवक रजिस्टरमध्ये नोंद केली.

नंतर मी स्टुडिओ गुंडाळून पुण्याला आलो. निघायच्या आधीच्या रविवारी साहेबांनी मला जेवायला बोलावलं, तीच त्यांची शेवटची भेट. गेलो तर बैठकीत पाच ताटं मांडलेली. दोन झाकलेली. साहेब इस्त्रीचा सदरा घालून दाराकडं तोंड करून बसलेले. "प्रत्येक रविवारी मांडून राह्यलोत," ते म्हणाले. "नामंजूर असतं तर तसं कळवलं असतं. विचाराधीन म्हंजे नकार न्हाई. मी जिंदगीभर हेच काम केलंय."

मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो. काकू भाकरी थापत होत्या. दाराकडं बघून घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "फोनवर बोलनं झालं माझं. पुढच्या रविवारी येनारेत दोघं. सांगू नका त्यास्नी. जरा बसू द्या विचाराधीन." आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

मी बाहेर आलो. साहेबांनी एका ताटावरचं झाकण उचललं, भाकरी अजून मऊ आहे का ते बोटानं बघितलं, आणि झाकण पुन्हा ठेवलं. मग स्वयंपाकघराकडं मान वळवून हाक मारली, "वैशालीची आई, अजून पाच मिनिटं थांबू." आतला भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

"दीपकराव," ते माझ्याकडं वळले, "तुमचा तो दाखला, तो माझ्याकडं किती दिस अडकल्ता?"

"अकरा महिने," मी म्हणालो. कमी सांगू शकलो असतो, पण सांगितलं नाही.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग दाराकडं बघतच विचारलं, "पन मिळाला ना?"